ओझे आणि आधार : विशेष गरजा असलेली मुले आणि वजनदार पांघरूण

गेल्या काही वर्षांत पालकसभेत एक नवा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. 'सर, आमच्या लेकरासाठी ते वजनाचं ब्लँकेट घ्यावं का?' मोबाईलवर जाहिरात पाहिलेली असते. त्या पांघरुणाने मूल शांत होते, झोपते, अभ्यासाला बसते, असे तिच्यात सांगितलेले असते. किंमत काही हजार रुपये असते. विचारणारी आई चार घरची धुणीभांडी करणारी असते. बाप वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीने राबणारा किंवा ऊसतोडीसाठी सहा महिने गाव सोडणारा असतो. त्यांच्या दृष्टीने ही रक्कम मोठी आहे आणि तिच्यामागची आशा तिच्याहूनही मोठी आहे. म्हणून या प्रश्नाला 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असे एका शब्दाचे उत्तर देऊन मोकळे होणे आम्हां शिक्षकांना योग्य वाटत नाही. ही वस्तू काय आहे, ती कशी काम करते असे मानतात, शास्त्राने तिची परीक्षा केली तेव्हा काय आढळले आणि आपल्या निवासी शाळेत तिला कितपत जागा द्यावी, हे माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहोत.

वस्तू आणि तिच्यामागचा विचार

वजनदार पांघरूण दिसायला साध्या रजईसारखेच असते. ते लहान लहान चौकोनी कप्प्यांत शिवलेले असते आणि प्रत्येक कप्प्यात काचेचे बारीक मणी किंवा प्लॅस्टिकचे दाणे भरलेले असतात. कप्पे अशासाठी की वजन एका बाजूला गोळा न होता अंगभर सारखे पसरावे. वजनदार जाकीट हे बिनबाह्यांचे असून त्याच्या खिशांत वजनाच्या छोट्या पिशव्या घालतात. मांडीवर किंवा खांद्यांवर ठेवायच्या वजनदार उशा हा त्याच कुळातला तिसरा प्रकार. स्वमग्नता, अतिचंचलता, बौद्धिक अक्षमता अशा स्थिती असलेल्या मुलांसाठी या वस्तू सुचवल्या जातात.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रिये शिकवतो. पण शरीराला याहून अधिक संवेदना असतात. डोळे मिटूनही आपला हात बरोबर तोंडापर्यंत जातो, कारण हात कोठे आहे याची बातमी स्नायू आणि सांधे मेंदूला सतत पोहोचवत असतात. स्पर्शातही भेद आहेत. अंगावर माशी बसली तर आपण चटकन दचकतो. उलट आईने घट्ट कुशीत घेतले की रडणारे मूल शांत होते. हलका स्पर्श सावध करतो, तर सर्वांगावर पडणारा सारखा आणि खोल दाब बहुधा निववतो.

काही मुलांच्या बाबतीत या संवेदनांचा मेळ वेगळ्या रीतीने बसतो. गणवेशाच्या कॉलरमागची पट्टी त्यांना काट्यासारखी टोचते. तासाची घंटा त्यांना कानावर बसलेल्या फटक्यासारखी वाटते. भोजनगृहातला शंभर ताटल्यांचा आवाज त्यांना सोसवत नाही. काही मुले याच्या अगदी उलट असतात. ती स्वतःहून दाब शोधत फिरतात: गाद्यांच्या ढिगात शिरतात, कपाट आणि भिंत यांच्या फटीत दाटीवाटीने बसतात, मित्राला इतक्या जोरात मिठी मारतात की तो ओरडतो. वसतिगृहात अशा मुलाची नोंद 'मस्तीखोर', 'आगाऊ', 'हट्टी' अशीच होते. गावाकडे तर त्याला 'बाहेरचं' झाल्याचे ठरवून अंगारे-धुपारे सुरू होतात. वास्तविक ते मूल आपल्या शरीराला हवी असलेली एक गोष्ट मिळवण्याची धडपड करीत असते.

अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन आयर्स यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात संवेदनांचा मेळ आणि शिकण्यातील अडचणी यांचा संबंध मांडला. पुढे याच विचाराच्या आधारे वजनदार पांघरूण आणि जाकीट उपचारात रुजले. स्वतः स्वमग्न असलेल्या अमेरिकी शास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांचा अनुभवही बोलका आहे. मावशीच्या गोठ्यावर लसटोचणीसाठी जनावरांना दोन बाजूंनी दाबून धरणारा सापळा त्यांनी पाहिला. त्यात काही जनावरे शांत होतात हे त्यांच्या लक्षात आले. तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांनी स्वतःसाठी तसेच यंत्र बनवले. त्या यंत्राची दोरी त्यांच्या स्वतःच्या हातात होती. दाब किती, केव्हा आणि कोठवर हे त्या ठरवत. ही बाब आम्ही पुढे पुन्हा विचारात घेणार आहोत.

ज्या शास्त्राच्या अंगाने ही साधने आली ते व्यवसायोपचाराचे शास्त्र महाराष्ट्राला परके नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहाने महाराष्ट्राच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भारतातील व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय सुरू केले. त्याच १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय उघडले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. दोन्ही कामे वेगळी. तरी ज्यांना शिक्षणाच्या दाराबाहेर ठेवले होते त्यांच्यासाठी दार रुंद करण्याचा उद्योग दोहोंतही होता. आमच्या मनात ही दोन वर्षे एकत्र राहतात ती यामुळे.

परीक्षेत काय आढळले

तथागतांनी कालामांना सांगितले की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, पारखून घ्या. जाहिरातीलाही हाच निकष लावला पाहिजे.

इंग्लंडमध्ये स्वमग्न आणि झोपेची तक्रार असलेल्या मुलांवर झालेला एक काळजीपूर्वक अभ्यास २०१४ मध्ये 'पेडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ५ ते १६ वर्षे वयाच्या ६७ मुलांची माहिती तपासली गेली. प्रत्येक मुलाला काही दिवस वजनदार आणि काही दिवस तसेच दिसणारे साधे पांघरूण देण्यात आले आणि झोप यंत्राने मोजण्यात आली. वजनदार पांघरुणाने झोपेचा एकूण काळ वाढला नाही, झोप लवकर लागली नाही आणि रात्रीचे जागणेही कमी झाले नाही. तरीही मुलांनी आणि पालकांनी वजनदार पांघरुणालाच अधिक पसंती दिली. वजनदार जाकिटांविषयी तोवर झालेल्या अभ्यासांचा आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गात ते वापरावे अशी शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये संवेदनाधारित उपचारांविषयी निवेदन काढले. पुरावा मर्यादित आहे हे पालकांना स्पष्ट सांगावे आणि आपल्या मुलाला उपयोग होतो की नाही हे ठरावीक मुदतीत तपासावे, असा त्याचा आशय आहे. स्वीडनमध्ये मानसिक आजार आणि निद्रानाश असलेल्या १२० प्रौढांवरील अभ्यासात मात्र, २०२० साली, लक्षणीय लाभ दिसला. पण ते सर्व प्रौढ होते.

यावरून आम्ही इतकेच म्हणू : वजनदार पांघरूण हा उपचार नव्हे. त्याने स्वमग्नता जात नाही, वाचन येत नाही, स्मरणशक्ती वाढत नाही. काही मुलांना ते सुखावते. आणि एखाद्या अस्वस्थ मुलाला अर्धा तास सुख वाटणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. परंतु त्या सुखासाठी कर्ज काढण्याची गरज नाही.

घरातली वाकळ

आपल्या मराठवाड्यात क्वचितच असे घर असेल, जेथे वाकळ किंवा गोधडी नाही. जुनी लुगडी, धोतरे आणि सदऱ्यांचे तुकडे थरावर थर अंथरून, हाताने जवळजवळ दोरे घालून ती शिवतात. तिचे वजन कप्प्यांविनाच अंगभर सारखे पसरते. सुती असल्याने तिच्यातून हवा खेळते. थर वाढवले की ती जड होते, कमी केले की हलकी. आपल्या आज्यांना मेंदूचे शास्त्र ठाऊक होते असा दावा आम्ही करणार नाही. गोधडी गरिबीतून जन्माला आली. नवे पांघरूण घेण्याची ऐपत नव्हती म्हणून ती शिवावी लागली. तिचे गोडवे गाऊन ती गरिबी झाकू नये. पण जे काम बाजारातले महागडे पांघरूण करते, त्यातले बरेचसे घरातली जाड वाकळही करू शकते, हे पालकांना ठाऊक असावे. आधी तिच्यावर अनुभव घ्यावा.

मांडीवर ठेवायची वजनदार उशी घरी शिवणेही सोपे आहे. जाड मांजरपाटाची पिशवी चार-सहा कप्प्यांत शिवावी, प्रत्येक कप्प्यात धुऊन वाळवलेले चिंचोके किंवा स्वच्छ चाळलेली वाळू भरावी आणि वरून धुता येईल असा अभ्रा घालावा. ज्वारी-तांदूळ भरले तर कीड लागते आणि उंदीर येतात. शिवण दुहेरी असावी. कारण काही मुले हाती येईल ती वस्तू तोंडात घालतात आणि सुटलेला दाणा घशात अडकू शकतो.

वजन किती, वेळ किती

वजन मुलाच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणजे ३० किलोच्या मुलाला ३ किलो. जाकिटासाठी त्याहून कमी घेतात आणि ते एका वेळी १५-२० मिनिटांपेक्षा अधिक ठेवत नाहीत. हा प्रघात आहे, शास्त्रसिद्ध प्रमाण नव्हे. म्हणून मुलाच्या प्रतिसादाकडे पाहूनच ठरवावे लागते.

मोजमाप कसे ठरवावे याचा एक धडा विनयपिटकातील महावग्गात आहे. राजगृहाहून वैशालीकडे जाताना भगवंतांनी पाहिले की काही भिक्खू चिवरांची बोचकी डोक्यावर आणि खांद्यावर घेऊन चालले आहेत. चिवराची मर्यादा ठरवायला हवी होती. कडाक्याच्या थंडीत ते स्वतः एका चिवरावर उघड्यावर बसले. रात्रीचा पहिला प्रहर सरताच थंडी वाजली, तेव्हा दुसरे घेतले. मग तिसरे, पहाटे चौथे. आणि थंडी थांबली. ज्यांना थंडी सोसत नाही त्यांचेही भागावे, या विचाराने त्यांनी दुहेरी संघाटी आणि दोन एकेरी चिवरे अशी तीन चिवरांची मर्यादा घातली. स्वतःच्या देहावर अनुभव घेऊन आणि सर्वांत हळव्या देहाचा विचार करून नियम ठरवला गेला. मुलाच्या अंगावर काही ठेवण्यापूर्वी शिक्षकाने आणि पालकाने ते आधी स्वतःच्या अंगावर घेऊन पाहावे, ही रीत आम्ही तेथूनच घेतो.

काही गोष्टी मात्र कधीही करू नयेत. तान्ह्या बाळांना वजनदार पांघरूण देऊ नये. अगदी लहान मुलांनाही नाही. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा स्नायूंची दुर्बलता असलेल्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊ नये. डोके आणि चेहरा कधीही झाकू नये. मुलाला त्यात गुंडाळू किंवा बांधू नये. ज्या मुलाला ते स्वतःच्या हाताने दूर सारता येत नाही, त्याच्या अंगावर ते घालूच नये. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा ४० अंशांपलीकडे गेला असताना, ते पेटीत ठेवावे. निवासी शाळेत गृहपाल किंवा शिक्षक जवळ असतील तेव्हाच ते वापरावे. सर्व मुले झोपल्यावर रात्रभर नव्हे.

ही भीती काल्पनिक नाही. २००८ मध्ये कॅनडातील क्युबेक प्रांतात एका शाळेत ९ वर्षांच्या स्वमग्न मुलाला शांत करण्यासाठी वजनदार पांघरुणात गुंडाळून ठेवले गेले आणि त्यात त्याचा जीव गेला. साधन तेच होते. पण ते मुलाच्या इच्छेने अंगावर नव्हते आणि त्याला त्यातून बाहेर पडता येत नव्हते.

ओझे कोणते, आधार कोणता

येथे इतिहासाच्या शिक्षकाला आपल्या समाजाचा इतिहास आठवल्याशिवाय राहत नाही. वजन आपल्याला नवे नाही. वतनाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांनी सरकारी कामगारांची ओझी गावोगाव वाहिली, निरोप पोहोचवले, सरपण फोडले. त्या वेठीला वेळ नव्हती आणि नकाराची मुभाही नव्हती. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक मांडले. ती वतने प्रत्यक्षात रद्द होण्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला. ओझे आणि आधार यांतला फरक वजनात नसतो, हे त्या इतिहासाने आपल्याला शिकवले आहे. ते कोणी ठरवले आणि वाहणाऱ्याला ते उतरवून ठेवता येते की नाही, यात तो असतो. टेम्पल ग्रँडिन यांच्या हातात यंत्राची दोरी होती. क्युबेकच्या त्या मुलाच्या हातात काहीच नव्हते.

म्हणून शिक्षा म्हणून, मुलाने जागेवरून उठू नये म्हणून किंवा वर्गात शांतता राहावी म्हणून वजनदार जाकीट घालणे हे वेठीचेच नवे रूप होय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. तिच्यातून हे सुटत नाही. जे मूल बोलू शकत नाही, तेही मान फिरवून, हात झटकून, पांघरूण ढकलून 'नको' म्हणत असते. तो नकार वाचता येणे ही शिक्षकाची पात्रता आहे.

व्यवसायोपचारतज्ज्ञ अशा मुलांसाठी शरीराला जोर लावायची कामेही सुचवतात. सतरंज्या गुंडाळणे, पाण्याची बादली उचलणे, ओले कपडे पिळणे, कणीक मळणे, दोरीवर चढणे यांतून स्नायू-सांध्यांना तोच खोल दाब मिळतो आणि पैसा लागत नाही. मात्र ही कामे एकाच मुलाच्या गळ्यात पडू नयेत. सर्व मुलांच्या पाळीत ती असावीत. नाहीतर उपचाराच्या नावाने पुन्हा कोणीतरी 'बादली उचलणारा' ठरेल.

चूळपंथकाचे वस्त्र

बुद्धाच्या संघात चूळपंथक नावाचा भिक्खू होता. चार महिने घोकूनही त्याला एक गाथा पाठ होईना. थोरल्या भावाने, जो स्वतः विद्वान भिक्खू होता, त्याला विहार सोडून जायला सांगितले. भगवंतांनी त्याला थांबवले, त्याच्या हाती स्वच्छ पांढऱ्या वस्त्राचा तुकडा दिला आणि एक लहानसा शब्द म्हणत तो हाताने चोळत बसायला सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले आणि त्या मळलेल्या वस्त्रातून चूळपंथकाला अनित्यता उमगली. तो अर्हत झाला.

त्या वस्त्रात कोणतीही जादू नव्हती. गुरूने शिष्याला काढून टाकले नाही, त्याला जमेल अशी वाट शोधली आणि त्याच्या हाताला झेपेल असे साधन दिले, इतकेच. आपल्या वर्गांतही चूळपंथक आहेत. सर्वांना एकाच मापाचे पांघरूण वाटणे म्हणजे समता नव्हे; ज्याला जे लागते ते सन्मानाने मिळणे ही समता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली आणि शाळांवर समावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकली. ही दया नव्हे, हक्क आहे.

पालकांनी पहिले पाऊल दुकानाकडे न टाकता तपासणीकडे टाकावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाड्यांत आणि शासकीय व अनुदानित शाळांत येते, तेव्हा मुलाविषयीची शंका मोकळेपणाने सांगावी. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात मोफत होते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असल्यास राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढण्यात लाज मानू नये. तो शिक्का नव्हे, कागदावरचा हक्क आहे.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती अशी की शाळेला महागडी पांघरुणे भेट देण्याऐवजी, महिन्यातून एकदा व्यवसायोपचारतज्ज्ञ शाळेत यावेत आणि शिक्षकांनी व गृहपालांनी त्यांच्याकडून शिकावे, यासाठी हातभार लावावा. वसाहतीतील उपासिकांनी उन्हाळ्यात चार-सहा जाड वाकळा आणि मांडीवरच्या उशा शिवून द्याव्यात. शाळेतल्या एका शांत खोलीत त्या खुल्या फडताळावर राहतील. ज्या मुलाला हवी त्याने यावे, अंगावर घ्यावी, हवा तितका वेळ बसावे आणि स्वतःच्या हाताने घडी घालून परत ठेवावी.